पोचेपर्यंत केर काढायचा नाही

"साडेतेरा तास," अंबादास म्हणाला. "दाजी, लिहून घ्या. व्हँकुव्हर ते मुंबई बारा हजार दोनशे किलोमीटर. विमान ताशी नऊशेनं पळतं. भागाकार केला की साडेतेरा तास. जरासुद्धा इकडंतिकडं नाही."

माझी बायको द्वारका समोर चटईवर होती. पहाटे गेली होती. तिच्या उशाशी दिवा होता, पायाशी माझी थोरली बहीण आक्का रडत बसली होती, आणि दोघींच्या मध्ये उभा राहून माझा मेहुणा मोबाइलमधून अंतर वाचत होता.

अंबादास म्हणजे द्वारकेचा धाकटा भाऊ. एसटीत कंट्रोलर होता. रिटायर झाल्यावर एका यात्रा कंपनीबरोबर विमानानं काठमांडूला जाऊन आला, आणि तेव्हापासून आभाळातला कुठलाही प्रश्न आमच्या गल्लीत त्याच्याकडं जायचा. पाऊस कधी पडणार हेसुद्धा लोक त्यालाच विचारायचे, आणि तो सांगायचा.

"मुंबईहून बार्शी गाडीनं नऊ तास धरा," तो म्हणाला. "पोरगं निघायला दोन तास. उद्या सकाळी धनू दारात उभा. तरी आपण दुपार धरू. अंत्यविधी उद्या चार वाजता. टाकू का ग्रुपवर?"

"टाक," मी म्हणालो.

धनंजय आमचा एकुलता एक. चार वर्षं आला नव्हता. शेवटचे तीन महिने द्वारका मला रोज विचारायची, "धनू कधी निघणार?" मी रोज म्हणायचो, दिवाळीला. दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. आता मला एकच गोष्ट पाहिजे होती. धनूनं तिचं तोंड बघावं. बाकी कुणी काय खाल्लं, कोण कुठं बसलं, मला काही कळत नव्हतं.

उद्यापर्यंत ठेवायचं म्हणून गार पेटी आणली. गावातल्या एका मंडळानं ती फुकट ठेवलेली असते. पेटीच्या काचेच्या झाकणावर एका भावी नगरसेवकाचा मोठा फोटो होता, दोन्ही हात जोडलेले, खाली लिहिलेलं, 'सदैव आपल्या सेवेत'. पेटीत ठेवलेल्या माणसाला मत देता येत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. किंवा देता येतं हे त्यांना माहीत असावं.

द्वारकेला आत ठेवलं तसे ते हात बरोबर तिच्या चेहऱ्यावर आले. मी म्हणालो, पेटी फिरवा. फिरवली, तर वायर पुरेना. परत होती तशी केली.

आता केराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी पिठाची गिरणी घराला लागून आहे. माझ्या पायांनी, कपड्यांनी, गिऱ्हाइकांच्या पिशव्यांनी पीठ घरात यायचं आणि द्वारका दिवसातून तीनदा केर काढायची. फक्त घरातलं माणूस गावाला निघालं की ती केरसुणीला हात लावायची नाही. ते माणूस पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही. मागोमाग केर काढतात तो मेलेल्या माणसाच्या. ही रीत पुष्कळ घरांत आहे. पण बाकीच्यांची माणसं सोलापूरला जातात, दोन तासांत पोचतात, घर झाडून मोकळं होतं. आमचा गेला कॅनडाला.

चौदा वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेला तेव्हा दोन दिवस घरात केर तसाच. मी गिरणीतून येऊन जाऊन, पावलं उमटलेली. अंबादास तेव्हाही रोज खबर घेऊन यायचा. म्हणाला, "ताई, आता अर्ध्या वाटेवर असेल."

द्वारका म्हणाली, "मग अर्धं घर झाडू का?"

दुसऱ्या दिवशी आक्का वैरागहून आली. उंबऱ्यातच थांबली. "भाना, ही गिरणी हाय का घर?"

"पाय वर घेऊन बसा, वन्सं," द्वारकेनं चहा दिला. "तुमचा भाचा आभाळात आहे."

धनूचा फोन आला, "आई, पोचलो." द्वारकेनं 'बरं' म्हटलं नाही, 'जेवलास का' विचारलं नाही. रिसीव्हर स्टुलावर ठेवला आणि केरसुणी घेतली. धनू सांगायचा, मला तिकडं नुसता केरसुणीचा आवाज ऐकू येत होता. पुढं दर वेळी तेच. तो तिकडून निघाला तरी तेच. त्यानं तिकडच्या घराला कुलूप लावलं की इकडं आमची केरसुणी कोपऱ्यात, थेट तो दारात येईपर्यंत. त्याच्या प्रत्येक येण्याजाण्याला आमच्या घरात पीठ साठायचं.

तर द्वारका गेली त्या मंगळवारी दुपारी धनूचा फोन आला. अंबादासनं तो स्पीकरवर टाकला. सगळी खोली ऐकत होती.

"आप्पा, तिकीट मिळालं. दोन ठिकाणी बदलायचंय. गुरुवारी पोचतो."

"गुरुवारी?" मी काही बोलायच्या आत अंबादास म्हणाला. "धनू, मामा बोलतोय. साडेतेरा तासांचा रस्ता आहे, तुला दोन दिवस कसे लागतात?"

"मामा, आधी उलट्या दिशेला जायचं, तिथं सात तास बसायचं, मग—"

"उलटं कशाला जातोस? थेट विमान घे!"

"थेट विमान नाहीच मामा."

"नाही कसं? माझ्यासमोर मोबाइलवर लिहिलंय. अंतर दिलंय, वेळ दिलीय. विमान नसताना वेळ देतील का?"

"ते दोन विमानतळांमधलं अंतर आहे. नकाशावर रेघ मारून काढलेलं. त्या रेघेवरनं विमान जातं असं कुठं लिहिलंय का त्यात?"

अंबादासनं चष्मा वर करून परत वाचलं. मग फोनवर हात ठेवून हळूच मला म्हणाला, "एजंटानं फसवलंय पोराला. लांबच्या रस्त्यानं नेतात, पैसे जास्त लागतात. आमच्या खात्यातही रिक्षावाले असंच करायचे."

रिक्षावाले त्याच्या खात्यात कधी होते मला माहीत नाही.

"दाजी, चारची वेळ ग्रुपवर गेलीय," तो पुढं म्हणाला. "तीनशे चाळीस लोकांनी हात जोडलेत. आता कशी बदलणार?"

"बदल," मी म्हणालो. "गुरुवार कर."

त्यानं बदलली. पण अशी बातमी जेवढी पहिल्यांदा पोचते तेवढी दुसऱ्यांदा पोचत नाही. बुधवारी सकाळपासून बाहेरगावची माणसं यायला लागली. ओटा भरला, गिरणी भरली. जो येईल तो पहिल्यांदा रडायचा आणि मग विचारायचा, "मुलगा कुठवर आला?" अंबादास प्रत्येकाला विमानाचा मार्ग समजावून सांगायचा. दुपारपर्यंत बार्शीतल्या माणसांना कॅनडाची जेवढी माहिती झाली तेवढी कॅनडातल्या माणसांना नसेल. एक पाहुणा म्हणाला पृथ्वी गोल असल्यामुळं उशीर होतो. दुसरा म्हणाला, उलट गोल आहे म्हणून लवकर येतो, सपाट असती तर वळसा पडला असता.

आत आक्का द्वारकेजवळ बसून होती. "हिला सांगा कुणीतरी," ती मधेच म्हणाली, "ही बघा, किती शांत पडलीय. न्हाईतर पोरगं वाटंत असताना हिला अन्न जात न्हवतं."

मुळे गुरुजी अकराला आले. आमच्या घरचं सगळं तेच करतात. त्यांनी पंचांग बघितलं आणि मान हलवली. "संध्याकाळी पंचक लागतंय. नंतर केलं तर शांत करावी लागेल. पुतळे करावे लागतील पिठाचे."

"पीठ आहे आपल्याकडं," मी म्हणालो.

"पिठाचा प्रश्न नाही, क्षीरसागर."

तेवढ्यात धनूचा फोन आला. या वेळी मी स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन गिरणीत गेलो. पट्ट्याजवळ उभा राहिलो.

"आप्पा, पुढचं विमान चुकलं. धुकं होतं. आता शुक्रवार होईल." मागं कुठल्यातरी भाषेत घोषणा चालली होती. "नका थांबवू तिला. तीन दिवस त्या पेटीत... नको. करा तुम्ही."

"तुला बघायचं नाही?"

"बघायचंय. पण मी चार वर्षं बघितलं नाही, त्याची भरपाई तिला पेटीत ठेवून नको."

मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. मी म्हणालो, "जेवलास का?" ती असती तर तिनंही विचारलं नसतं.

मग त्याला फोनवर दाखवायचं ठरलं. अंबादासनं मोबाइल पेटीवर धरला. काचेवर बाष्प आलं होतं, ते आक्कानं पदरानं पुसलं. धनू म्हणाला, "मामा, हात काढा ना मधनं." अंबादास म्हणाला, "माझे नाहीत ते. भावी नगरसेवकांचे आहेत." मग झाकणच उघडलं. धनूनं किती वेळ बघितलं मला माहीत नाही. फोन मधेच गोठला. तो बोलत होता की रडत होता कळलं नाही, नुसतं तोंड उघडं राहिलेलं दिसत होतं. अंबादासनं फोन वरखाली हलवला, खिडकीपाशी नेला, परत आणला. मग तो बंदच पडला.

चारला उचलली. म्हणजे शेवटी अंबादासचीच वेळ खरी झाली, आणि त्यानं ती दोघांना बोलूनही दाखवली.

अग्नी मीच देणार होतो, म्हणून मडकं घेऊन मी पुढं. मागं तिरडी. अंबादासचा खांदा पुढचा, उजवीकडचा. दारातून बाहेर पडलो, दोन घरं ओलांडली, आणि मला मागं आवाज आला. केरसुणीचा. चाळीस वर्षं मी तो आवाज दिवसातून तीनदा ऐकला होता. क्षणभर मला वाटलं, धनू पोचला.

मी थांबलो. मी थांबलो तशी तिरडी थांबली आणि तिच्यामागं सगळी गल्ली थांबली.

"आक्का," मी ओरडलो, "केरसुणी ठेव!"

"अरं भाना, बाहेर नेलं की झाडायचं असतं! मग धुवायचं. रीत हाय ती!"

"धनू वाटेत आहे. तो पोचेपर्यंत केर काढायचा नाही."

गुरुजी लगबगीनं पुढं आले. "क्षीरसागर, मागं वळून बघू नये."

"बघत नाही. बोलतोय." मी खरंच बघत नव्हतो. तोंड पुढं ठेवूनच ओरडत होतो.

"अहो, हे दोन वेगळे विषय आहेत. जिवंत माणूस प्रवासाला निघालं तर केर काढायचा नाही. मृत माणूस निघालं तर काढायचा."

"आज घरची दोघं निघालीत, गुरुजी. एक जिवंत, एक मेलेलं. मग काय करायचं?"

गुरुजींनी उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं.

"तशी बाईंचीही वाट लांबचीच आहे," ते म्हणाले. "वर्ष लागतं पोचायला. शहाऐंशी हजार योजनं म्हणतात."

"एक योजन म्हणजे किती हो, गुरुजी?" हा आवाज तिरडीखालून आला. अंबादासचा.

"चार कोस. धरा तेरा किलोमीटर."

एका खांद्यावर सख्खी बहीण, आणि दुसऱ्या हातानं अंबादासनं मोबाइल काढला. अंगठ्यानं आकडे दाबले. सगळे थांबले होते. खरं सांगतो, मीही थांबलो होतो.

"अकरा लाख अठरा हजार किलोमीटर. भागिले नऊशे." तो जरा वेळ बघत राहिला. "बावन्न दिवस. थेट गेलं तर."

"खांदा बदला रे कुणीतरी त्यांचा," मागून आवाज आला.

"आक्का," मी परत म्हणालो, "तिनं ही रीत पोरासाठी चौदा वर्षं पाळली. तिला उचलल्या उचलल्या मी मोडायची का?"

मागं केरसुणी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"मोडू नगंस," आक्का म्हणाली. "जा आता. मडकं इझंल."

धनू शुक्रवारी दुपारी टॅक्सीतून उतरला. दाढी वाढलेली, गळ्यात विमानात देतात ती उशी तशीच अडकलेली. ओट्यावरचे लोक उठून उभे राहिले. तो बूट काढून उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

बाहेरची खोली बुधवारी होती तशी होती. तुळशीची पानं, फुलं, तांदूळ, कापूस, सुतळीचे तुकडे, सांडलेल्या पाण्याचे डाग. त्यावर सगळ्यांची पावलं, पिठाची. आणि मधोमध, जिथं पेटी होती, तेवढी लांबोळकी जागा स्वच्छ. तिथं काही पडलेलं नव्हतं, कुणाचं पाऊल नव्हतं. फक्त दिवा होता.

"इथं?" धनूनं विचारलं.

"इथं."

"डोकं?"

मी दाखवलं.

तो भिंतीच्या कडेनं पाय ठेवत गेला आणि डोक्याच्या बाजूला, त्या जागेच्या बाहेर, मांडी घालून बसला. पुष्कळ वेळ बसला. मग बोटानं एक पाऊल दाखवून म्हणाला, "हे आत्याचं. अंगठा वाकडा आहे." मी म्हणालो, हो. "आणि हे चपलांचे?" म्हटलं, मामाचे. काढायला विसरला. एकेक विचारत त्यानं सगळी खोली विचारून घेतली. कोण कुठं बसलं होतं, कुणी हार घातला, शेवटी कुठून उचललं. मी सांगत गेलो. जे त्याला फोनमध्ये दिसलं नव्हतं ते सगळं जमिनीवर पडलेलं होतं.

मग मी उठलो. "तू पोचलास. आता झाडतो."

धनूनं माझ्याकडं बघितलं. "आई पोचली का?"

ओट्यावरून अंबादास म्हणाला, "बावन्न दिवस! मी काढलंय."

आक्कानं डोक्याला हात लावला. पण तिनंच मार्ग काढला. बाकीचं घर झाडून, धुऊन घेतलं आणि बाहेरच्या खोलीचं दार ओढून घेतलं. दिव्यात तेल घालायला फक्त धनू आत जायचा, भिंतीच्या कडेनं. भेटायला आलेले लोक गिरणीत बसायचे आणि पांढरे होऊन घरी जायचे.

दहाव्याला नदीवर गेलो. अंबादास तयारीनं आला होता. कावळा शिवला नाही तर ताईला कायकाय कबूल करायचं ते त्यानं रात्री ठरवून ठेवलं होतं. धनूचं लग्न, माझं जेवणखाण, गिरणीला नवी मोटार. गुरुजींनी धनूच्या हातून पिंड ठेवला आणि म्हणाले, "आता सगळे मागं सरा. वेळ लागेल. घाई करू नका."

आम्ही वळलोही नव्हतो. एक कावळा समोरच्या बाभळीवरून सरळ खाली आला, पिंडाला चोच लावली आणि गेला.

अंबादासच्या तोंडात पहिलं वाक्य तयार होतं, ते तसंच राहिलं. मग तो गुरुजींकडं वळला. "दहाच दिवस झालेत! तुम्ही तर वर्ष म्हणाला होता."

गुरुजी नदीकडं बघायला लागले.

"मामा," धनू म्हणाला, "तिला थेट मिळालं असेल."

अंबादासनं खिशातून मोबाइल काढला. त्याच्याकडं बघितलं आणि परत खिशात ठेवला. त्याची हनुवटी हलायला लागली. एवढ्या दिवसांत तो रडला नव्हता. हिशेबात होता.

आम्ही घरी आलो तर आक्का दारात केरसुणी घेऊन उभीच होती. मी ती तिच्या हातातून घेतली. आयुष्यात मी कधी केर काढला नव्हता, द्वारकेनं काढू दिला नव्हता. खोलीचं दार उघडलं. धनूनं दिवा उचलून बाजूला धरला.

पेटीच्या जागेवर झाडण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी तिथूनच सुरुवात केली.